बार्शी लाईट रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) मार्गाचा विषय निघाला की गाडी किती हळू होती यावरच गप्पा रंगतात. ती हळू होती, यात वाद नाही. पण हा मार्ग रेल्वेच्या इतिहासात गाजला तो त्याच्या वेगळ्या हिशेबामुळे. त्यामुळे खाली रुळांचे, आसांचे (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यांचे) आणि पोत्यांचे प्रश्न आठवणींपेक्षा जास्त आहेत.

'बार्शी लाईट' म्हणजे नेमका कोणता मार्ग?

सुरुवातीला फक्त २१ मैलांचा, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरचा. मुंबई-सोलापूर मुख्य मार्गावरच्या बार्शी रोडपासून बार्शी गावापर्यंत. हे बार्शी रोड म्हणजेच आजचे कुर्डुवाडी. १८९७ मध्ये हा तुकडा सुरू झाला. पुढे दोन्ही अंगांनी फाटे वाढत गेले आणि १९२७ पर्यंत लांबी २०२ मैलांवर, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरवर गेली. रुळांमधले अंतर सगळीकडे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

मुख्य लाईन बार्शीवरूनच का नेली नाही?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाईन पुण्याहून सोलापूरकडे आली ती रायचूरला मद्रासच्या लाईनला मिळण्यासाठी. वाटेतल्या प्रत्येक बाजारपेठेसाठी वळसा घ्यायचा तर अंतर वाढते, खर्च वाढतो. १८५९-६० मध्ये रूळ बार्शी रोडवरून पुढे सोलापूरला गेले आणि बार्शी २१ मैल बाजूला राहिली.

बार्शी साधे खेडे असते तर बिघडले नसते. पण ती बालाघाटच्या पायथ्याची पेठ. वरच्या पठारावरचा, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातला कापूस, गळिताची धान्ये, कडधान्य असा सगळा माल इथे उतरायचा आणि पुढे बैलगाडीने स्टेशनला जायचा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. भाव असताना माल अडकून पडायचा, आणि वाट मोकळी होईपर्यंत भाव निघून गेलेला असायचा. रेल्वेची मागणी या अडचणीतून आली.

ही लाईन उभी करणारा कॅलथ्रॉप कोण?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७), इंग्रज इंजिनिअर. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला. मुख्य लाईनपासून बाजूला पडलेल्या गावांना स्वस्तात कसे जोडायचे, हा प्रश्न त्याने डोक्यात घेतला आणि बार्शीची योजना वर्षानुवर्षे लावून धरली. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि कॅलथ्रॉप तिचा सल्लागार इंजिनिअर झाला.

माथेरानच्या गाडीसाठीही त्याचाच सल्ला घेतला गेला होता. उतारवयात तो विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटच्या मागे लागला; 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट त्याचेच.

'लाईट' म्हणजे नेमके काय हलके? डबे लहान होते म्हणून का?

हाच सर्वात मोठा गैरसमज. रूळ हलके होते. डबे उलट त्या काळच्या नॅरोगेजच्या मानाने बरेच मोठे होते: सुमारे २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. रुळांमधल्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट रुंदी.

ही किमया समजायला रूळ कशाने वाकतो ते पाहावे लागते. रूळ दोन स्लीपरांच्या (रुळाखालच्या आडव्या तुळयांच्या) मध्ये अधांतरी असतो. त्याच्यावर गाडीचे एकूण वजन एकाच जागी कधीच येत नाही, येते ते एकेका आसाचे. त्यामुळे रूळ किती जाड हवा हे ठरते सर्वात जड आसावरून. तेव्हाच्या बहुतेक लहान रेल्वेंमध्ये इंजिनाचा एखादा आस भलताच जड असायचा आणि त्या एका आसासाठी सगळ्या लाईनभर जड रूळ टाकावे लागायचे. त्याच रुळांवरून मागे धावायच्या त्या चार-पाच टनांच्या चिमुकल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. म्हणजे पैसे भरायचे जड रुळाचे आणि माल न्यायचा हलक्याचा.

कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. आधी मर्यादा ठरवली: कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण. एवढ्या भाराला दर यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ पुरतो. (आज मुख्य ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांच्या, मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो.) मग प्रत्येक वाहन त्या मर्यादेच्या काठापर्यंत भरायचे. बोगीच्या वाघिणीला, म्हणजे दोन्ही टोकांना चार-चार चाकांचा गाडा असलेल्या वाघिणीला, चार आस, म्हणजे २० टन. वाघिणीचे स्वतःचे वजन पाचेक टन धरले तर १५ टन माल. एवढा माल अडीच फुटी रुळांवर कोणी नेत नव्हते.

बचत किती? फक्त मुख्य लाईन धरू, साइडिंगा (स्टेशनातले बाजूचे रूळ) सोडून. २१ मैल म्हणजे ३६,९६० यार्ड. रुळांच्या दोन ओळी, यार्डाला ३० पौंड: २२,१७,६०० पौंड, म्हणजे बरोबर ९९० टन पोलाद. ६० पौंडी रूळ टाकला असता तर १,९८० टन. हे सगळे विलायतेहून बोटीने यायचे. वर स्लीपर, खडी, पूल, सगळेच त्या प्रमाणात हलके.

हलके डबे एवढा भार कसा पेलायचे?

दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यामुळे. लीड्स फोर्ज या कारखान्यात सॅमसन फॉक्सच्या पद्धतीने जाड पत्रा तापवून साच्यात दाबत आणि त्याची अखंड चौकट करत. पट्ट्या आणि कोन रिव्हेटने जोडून केलेल्या चौकटीपेक्षा ती हलकी आणि ताठ. प्रवासी डबा, बंद वाघीण, उघडी वाघीण, सगळ्यांना एकाच मापाचा सांगाडा आणि तशाच बोग्या. कारखान्यात सुटे भाग कमी प्रकारचे ठेवावे लागतात, हा याचा न दिसणारा फायदा. लहान रेल्वेला तोच जास्त उपयोगी पडतो, कारण तिच्याकडे दहा प्रकारचे भाग साठवायला ना जागा असते ना पैसा.

आणि इंजिन?

पहिली इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीची, 'ए' वर्गाची, ०-८-४ टँक. म्हणजे पुढे मार्गदर्शक चाके नाहीत, मध्ये एकमेकांना जोडलेली आठ चाके, मागे चार चाकांची बोगी, आणि पाणी-कोळसा इंजिनावरच. एकूण सहा आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे इंजिनाला ३० टनांची कमाल मर्यादा. त्यातले २० टन ओढणाऱ्या चार आसांवर.

इथे एक अडचण येते. आस वाढवले की इंजिन लांब होते, आणि चार जोडलेले आस एका ताठ चौकटीत बसवले की ते वळणावर रुळाला घासतात. रूळ एका बाजूने झिजतो, चाकाची कड पातळ होते, आणि कड पातळ झाली की सांध्यावर किंवा काट्यावर (रूळ बदलण्याच्या जागी) चाक चढण्याचा धोका. अशा इंजिनांत मधल्या चाकांना कड न ठेवणे किंवा आसांना बाजूला थोडी मोकळीक देणे, असे उपाय करतात. आसांवर भार समान ठेवायचा तर स्प्रिंगाही नेमक्या लागतात. एक स्प्रिंग बसली की तिचा भार शेजारच्या आसावर जातो आणि ५ टनांचा नियम कागदावर राहतो.

लीड्समध्ये आधी प्रदर्शन झाले होते, हे खरे का?

हो. माल बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा मार्ग घातला आणि १८९६ मध्ये गाड्या चालवून दाखवल्या. पाहुण्यांत रेल्वे इंजिनिअर होते, आणि लष्करालाही रस होता, कारण झटपट घालता येणारी आणि तरी भरपूर माल नेणारी लाईन त्यांना हवीच होती. बार्शीची गाडी बार्शीच्या आधी इंग्लंडमध्ये धावली ती अशी.

अडीच फूटच का? माथेरानसारखे दोन फूट का नाही?

माथेरानची गाडी डोंगरात वळसे घेत चढते, तिथे दोन फूट (६१० मिलिमीटर) सोयीचे. बार्शीच्या मोकळ्या मुलखात वळणांपेक्षा माल महत्त्वाचा. सात फूट रुंद डबा दोन फुटी रुळांवर ठेवला तर तो वाऱ्याला आणि एका बाजूला झुकलेल्या मालाला डगमगतो. वर अडीच फुटांत चाकांच्या मध्ये यंत्रणा आणि जळणाची पेटी बसवायला जास्त जागा मिळते. मीटरगेज घेतले असते तर पूल, भराव, जमीन सगळेच वाढले असते.

विस्तार कोणत्या क्रमाने झाला?

कुर्डुवाडी ते पंढरपूर १९०६ मध्ये. त्याच सुमारास बार्शीपासून पूर्वेला निजामी हद्दीत तडवळ्यापर्यंत. तडवळे ते लातूर १९११. शेवटचा आणि सर्वात लांब टप्पा पंढरपूर ते मिरज, सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, आरग अशी गावे घेत, १९२७ मध्ये पुरा झाला.

ही लाईन इंग्रजी मुलूख, निजामाचे राज्य आणि मिरजेकडची संस्थाने अशा वेगवेगळ्या अमलांतून जायची. म्हणून जुने कागद शोधताना एकाच दफ्तरात सगळे सापडेल अशी आशा धरू नये.

लातूर जोडले गेल्यावर धंद्याचे गणितही पालटले. पूर्वी पठारावरचा माल बार्शीत उतरायचा. आता तो लातुरातच वाघिणीत चढू लागला.

गाडी इतकी हळू का होती? चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचे म्हणतात.

भरलेली गाडी चढाला लागली की वेग माणसाच्या चालीवर यायचा, तेव्हा गोष्ट अगदीच हवेतली नाही. कारणे मात्र इंजिनाच्या ताकदीपुरती नाहीत.

पहिले कारण काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बसते. वरची खडी हळूहळू मातीत उतरते, चिखल वर येतो, आणि एका बाजूचा रूळ दुसऱ्यापेक्षा खाली जातो. ब्रॉडगेजवर इंचभराचा फरक गाडी सहन करते. अडीच फुटांवर तोच फरक दुपटीहून जास्त तिरपा पडतो. हलका रूळ सांध्यापाशी लवकर खचतो, चाक दर खेपेला तिथेच आपटते, आणि खचणे वाढत जाते. अशा मार्गावर वेगमर्यादा कमी ठेवण्याला पर्याय नसतो. पाऊस संपला की गँगमनचे निम्मे काम सांधे उचलून खाली खडी ठोकण्याचे.

दुसरे, बरीच वर्षे प्रवासी आणि मालाचे डबे एकाच गाडीला लागायचे. स्टेशनात वाघिणी काढणे-जोडणे चालू असेपर्यंत प्रवासी बसून. आणि एकेरी मार्ग असल्याने समोरची गाडी येईपर्यंत थांबणे आलेच.

कुर्डुवाडीला माल कसा बदलायचे? आणि हीच लाईनची दुखरी नस का म्हणतात?

नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजच्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून धक्क्याच्या एका अंगाला छोटी वाघीण, दुसऱ्या अंगाला मोठी, आणि मध्ये हमाल. क्विंटलच्या पोत्याने मोजले तर १५ टन म्हणजे १५० पोती. प्रत्येक पोते पाठीवर घ्यायचे, पलीकडे नेऊन थप्पीला लावायचे, आणि मोजणाऱ्याने खूण करायची. जुन्या चारचाकी ब्रॉडगेज वाघिणीत २० ते २२ टन माल मावायचा, त्यामुळे एकास एक जोडी जमत नसे. दोन छोट्या वाघिणी रिकाम्या केल्या की एक मोठी भरून वर काहीतरी उरणारच.

नुकसान ठरलेल्या जागी व्हायचे. हमालाच्या आकड्याने तागाचे पोते फाटते आणि तूर-हरभरा सांडतो. अवचित पाऊस आला तर उघड्या धक्क्यावरची सरकी भिजते, आणि भिजलेली सरकी ढिगात तापते. मोजणीत एक-दोन पोत्यांची तफावत निघाली की दावा कोणावर, बार्शी लाईटवर की मोठ्या रेल्वेवर, यावर पत्रव्यवहार. शिवाय एका बाजूच्या वाघिणी वेळेवर आल्या नाहीत की दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या उभ्या.

बैलगाडीशी तुलना होती तोवर व्यापाऱ्याला हे परवडत होते. बैलगाडीच्या मालालाही बार्शी रोडला हात लावावाच लागायचा. ट्रक आला आणि माल अडतीतून थेट मुंबईच्या गोदामात उतरू लागला, तेव्हा कुर्डुवाडीचा धक्का नकोसा झाला. कॅलथ्रॉपने रूळ आणि वाघीण यांचा हिशेब चोख केला होता, पण गेज बदलाचा खर्च त्या हिशेबाच्या बाहेरच राहिला. याची जाणीव त्याला असावी: इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनवर (१९०४-१९३४) त्याने मोठ्या गेजची वाघीण आख्खी उचलून नेणारे सपाट डबे वापरले. लाईन त्यानेही वाचली नाही.

पंढरपूरच्या वारीत गाडी काय करायची?

आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या, आणि तरीही टपावर माणसे. सांगाडे सगळे एकाच मापाचे असल्याने प्रवाशांसाठी लागेल ते वाहन जोडता यायचे. वर्षभर मालावर चालणाऱ्या मार्गाला हे चार दिवस झेपवणे सोपे नव्हते: पाणी भरण्याच्या जागा, वळवून घेण्याच्या साइडिंगा, इंजिने, सगळे नेहमीच्या गाड्यांपुरतेच होते. आणि आषाढीची गर्दी ऐन पावसाळ्यात, मार्ग सर्वात कच्चा असताना.

कंपनी ब्रिटिशांच्या हातात कधीपर्यंत होती? अजून पैसे द्यावे लागतात का?

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने लाईन ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. तिथे विषय संपला. 'अजून मालकी इंग्रजांची' या बातम्या विदर्भातल्या शकुंतलेबद्दल, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर मार्गाबद्दल फिरतात. ती कंपनी वेगळी, करार वेगळा. दोन्हींची सरमिसळ फार होते.

मिरजेला खरेच तीन गेज होते?

होते. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज तशीच राहिली, आणि पंढरपूरहून येणारी नॅरोगेज होतीच. पुढची कित्येक वर्षे ही तिन्ही एका स्टेशनात नांदली.

रुंदीकरण कधी झाले?

टप्प्याटप्प्याने. कुर्डुवाडी-पंढरपूर या शतकाच्या सुरुवातीला, लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज सर्वात शेवटी. जुनी लाईन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, जातच नव्हती. ती येडशीवरून निघून जायची. जिल्ह्याचे ठिकाण असूनही गाडी नाही, ही तिथली जुनी तक्रार. ब्रॉडगेज टाकताना मार्ग वळवून शहर जोडले, त्यामुळे अंतर वाढले.

२०१६ ची पाण्याची गाडी याच मार्गाने गेली का?

याच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली गाडी १० टाक्यांची, प्रत्येकी सुमारे ५०,००० लिटरची, म्हणजे ५ लाख लिटर पाणी घेऊन गेली. नंतर ५० टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या, खेपेला २५ लाख लिटर. हेच पाणी जुन्या १५ टनी वाघिणींतून न्यायचे म्हटले असते तर १६७ वाघिणी लागल्या असत्या. रुंदीकरणावर झालेला खर्च कशासाठी, असे विचारणाऱ्यांना ही तुलना सांगावी.

कुर्डुवाडीचा कारखाना बंद झाला का?

नाही. नॅरोगेज गेली तरी छोट्या गाड्यांचे काम जाणणारे हात तिथे होते. माथेरानच्या इंजिन-डब्यांची मोठी दुरुस्ती तिथे होते.

जुने नकाशे आणि वेळापत्रके वाचताना कुठे फसायला होते?

'रोड' या शेपटाला. बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी, बार्शी नव्हे. बार्शी गावाचे स्टेशन बार्शी टाऊन. जत रोड, कळंब रोड ही स्टेशनेही त्या त्या गावापासून लांब. लातूर रोड तर बार्शी लाईटवर नव्हतेच.

अंतरे मैलांत की किलोमीटरमध्ये ते आधी पाहावे. जुने टन २,२४० पौंडांचे, म्हणजे १,०१६ किलोंचे. आणि एकाच टप्प्याच्या दोन तारखा दिसल्या तर लगेच एक चूक ठरवू नये: मालवाहतूक आधी आणि प्रवासी नंतर, किंवा अर्धा तुकडा आधी, असे लहान लाईनींवर सर्रास व्हायचे.

जुन्या मार्गाच्या खुणा आज दिसतात का?

पुष्कळ ठिकाणी ब्रॉडगेज त्याच पट्ट्यावर आहे, तिथे शोधण्यासारखे कमी. जिथे नवा मार्ग वळला, म्हणजे पांगरी-येडशी-धाराशिव टापूत आणि लातूर शहरात, तिथे बघावे. लातुरात 'जुनी रेल्वे लाईन' अजून पत्त्यात लिहितात. आधी उपग्रह नकाशावर शेतांमधून जाणारी, बांधांना न जुमानणारी, सौम्य वळणाची पट्टी शोधावी. गाडीवाट इतक्या सलग वळणाने जात नाही. जागेवर गेल्यावर बुटका भराव आणि त्यातली अरुंद दगडी मोरी दिसली की ओळख पटते. मोरीच्या दोन तोंडांमधले अंतर मापावे, म्हणजे वरच्या भरावाची रुंदी कळते.

पट्टा शेतातून जात असेल तर मालकाला विचारून जावे, पिके उभी असताना शक्यतो नकोच. चालू ब्रॉडगेजच्या रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूल पाहायचा तर नदीपात्राकडून पाहावा, तिथून तो दिसतोही जास्त चांगला.